बंदूक परत करणारा शेजारी

आमचे वडील, म्हणजे आमचे दादा, सिंगापूरला आले तेव्हा त्यांनी विमानतळावरच जावयाची हजेरी घेतली. जावई दहा मिनिटं उशिरा पोचला होता. "फौजेत दहा मिनिटांत पूल उडतो," दादा म्हणाले. कुणाचा पूल, कुठला पूल, हे विचारायची माझ्या नवऱ्याची छाती झाली नाही. त्यानं निमूटपणे ट्रंक उचलली आणि टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दोन हजार सहाच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही हौगांगला नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी एका प्रयोगशाळेत संशोधनाचं काम करायचे, नवरा इंजिनिअर, मुलगी पहिलीत. दादा हवालदार म्हणून निवृत्त झालेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसं त्यांचं होतं. पहाटे पाचला उठायचं, पांघरुणाची घडी अशी घालायची की कोपऱ्यानं बोट कापावं, मग पंचशील म्हणायचं आणि मग घरातल्या सगळ्यांचे जोडे रांगेत मांडून पॉलिश करायचं. इथल्या शाळेत पांढरे कॅनव्हासचे बूट लागतात हे कळल्यावर तर त्यांना हर्ष झाला. नातीचे बूट त्यांनी इतके पांढरे केले की तिच्या बाईंनी नवीन घेतलेत का म्हणून विचारलं.

हे सगळं ते करायचे, पण बोलायचे नाहीत. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात दादांचं बोलणं तीन शब्दांवर आलं होतं: हो, नाही, जेवलो. आई असताना भांडायला तरी बोलायचे. मी त्यांना तीन महिन्यांसाठी आणलं होतं ते एवढ्यासाठीच, की माणसांत राहिले तर तोंड उघडतील. आणि इथे आणून मी त्यांना नवव्या मजल्यावर दिवसभर एकटं ठेवलं होतं. शेजारी चिनी, समोरचे मलय, दादांचं इंग्रजी 'येस सर'च्या पुढे जाईना. मला स्वतःचाच राग यायचा, आणि माझा राग नवऱ्यावर निघायचा.

एका रविवारी बाजारातून परत येताना इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, दादांच्या मांडीत गोळा आला. एकाहत्तरच्या लढाईत त्या मांडीत लोखंडाचे तुकडे शिरले होते, त्यातले काही अजून आत होते. ते खांबाला धरून उभे राहिले, ओठ गच्च मिटलेले. मी भाजीच्या पिशव्या टाकून धावले. पण माझ्या आधी दगडी टेबलापाशी बसलेला एक म्हातारा उठून आला. काळासावळा, काटकुळा, ऐंशीच्या पुढचा. त्यानं दादांना आधार देऊन खाली बसवलं, पाय सरळ केला आणि हिंदीत म्हणाला, "धीरे, जवान, धीरे. अभी हो गया. बस."

दादांनी मांडी सोडली आणि त्याच्याकडे बघत राहिले. हौगांगमध्ये त्यांना कुणी जवान म्हणेल असं त्यांना वाटलं नसावं.

"कौनसी पलटन?" दादांनी विचारलं.

"फील्ड ॲम्ब्युलन्स," म्हातारा म्हणाला. "जापान के टाइम."

झालं. त्या दिवशी जेवताना दादा वीस मिनिटं बोलले. म्हणाले, बेचाळीसची लढाई, इथे मलायात आपले हिंदुस्थानी जवान उतरले होते, हा गडी त्यांच्याबरोबर होता, जखमी उचलणाऱ्या पलटणीत असला म्हणून काय, बंदूक त्यांनाही मिळते, चेहराच सांगतो, पाठ बघ कशी ताठ आहे. मी भात वाढायचा विसरले. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, म्हणजे गप्प राहा, मध्ये बोलून घालवू नकोस.

ते म्हातारे गृहस्थ, म्हणजे अंकल, सहाव्या मजल्यावर मुलाकडे राहत. इथे सगळ्याच वडीलधाऱ्यांना अंकल म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. मूळचे तमिळ, वडील मलायातल्या रबराच्या मळ्यावर कारकून, घराणं ख्रिस्ती. इंग्रजी छान, हिंदी अगदी मोडकी. पण दोघांचं जमलं. रोज सकाळी सात वाजता दादा इस्त्रीचा शर्ट घालून खाली जायचे, अंकलना सॅल्यूट ठोकायचे आणि दोघं कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून पेले घेऊन दगडी टेबलाशी बसायचे. दादांची कॉफी, अंकलचं बार्लीचं पाणी. अंकल चहा घेत नसत, कॉफी नाही, दारू नाही, मांस नाही. शनिवारी त्यांचं चर्च असे, त्यामुळे शनिवारी खाली येत नसत. दादा त्याला 'परेडला सुट्टी' म्हणायचे. "रम न पिणारा फौजी मी आयुष्यात पहिला पाहिला," ते मला सांगायचे, आणि त्यातही त्यांना अंकलचं कौतुकच असायचं.

तेक्का नावाच्या इथल्या हिंदुस्थानी बाजारातून मी ज्वारीचं पीठ आणायचे. दादा सकाळी स्वतः भाकरी थापायचे आणि झुणक्याबरोबर डब्यात घालून खाली न्यायचे. जोंधळ्याची भाकरी खाणारा तमिळ ख्रिस्ती सिंगापुरी मीही पहिलाच पाहिला. घरात आईच्या नंतर पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी देवधर्मवाली नाही, पण त्या दिवसांत लिफ्टमध्ये अंकल भेटले की त्यांच्या पाया पडावंसं वाटायचं.

मग बुद्धपौर्णिमा आली. इथे तिची सरकारी सुट्टी असते, वेसाक डे म्हणून. आमच्या ओळखीची महाराष्ट्रातली दहाबारा बौद्ध कुटुंबं दर वर्षी कुणाच्या तरी घरी जमायची. त्या वर्षी पुंगोलला एकांचा नवा फ्लॅट होता, तिथे ठरलं. वंदना, मुलांची गाणी, खीर, आणि वडीलधाऱ्या कुणाचे तरी दोन शब्द. दोन शब्द दादांचे ठरले. आणि दादांनी जाहीर करून टाकलं, की प्रमुख पाहुणे म्हणून ते एका शूर सैनिकाला आणणार आहेत.

आपल्या मराठी माणसाला सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. परदेशात गेलं तरी शाल पाठोपाठ येते. दादांनी माझ्याकडून शाल आणवली, गुलाबाचं फूल आणवलं, आणि ट्रंकेच्या तळातून आपली पदकं काढून छातीवर लावली. अंकलना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की बुद्धाचा वाढदिवस आहे, खीर आहे, चला. अंकल बिचारे टाय लावून आले.

पंचशील झालं आणि दादा बोलायला उभे राहिले. ते इतकं चांगलं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या आजोबांना, म्हणाले, भरतीच्या रांगेतून हाकललं होतं. छाती मोजली नाही, उंची मोजली नाही, जात विचारली आणि बाहेर काढलं. त्यांनी अर्जावर अर्ज केले. काय मागत होते? जमीन नाही, पैसा नाही. बंदूक द्या म्हणत होते, आम्हीही लढू. ते बंदूक न बघताच गेले. माझ्या हातात पहिली रायफल आली तेव्हा मी ती आधी कपाळाला लावली. ज्याच्या हातात शस्त्र आलं त्याची मान वर झाली.

मी अंकलच्या शेजारी बसून हळू आवाजात इंग्रजीत सांगत होते. सांगता सांगता मला दिसलं, की अंकलचा चेहरा उतरत चाललाय. दादा पुढे म्हणाले, "आणि हे आमचे मित्र. यांनी याच भूमीवर हातात बंदूक घेऊन शत्रूशी दोन हात केले," आणि शाल उलगडली.

अंकल उठले. ते इंग्रजीत बोलले, फार सावकाश, म्हणजे मला नीट सांगता यावं म्हणून. चूक झाली आहे, म्हणाले. मी सैनिक नव्हतो. मी वीस वर्षांचा होतो, स्वयंसेवक म्हणून गेलो, त्यांनी मला बंदूक दिली. मी ती परत केली. आमच्या पंथात माणूस मारणं पाप आहे. मी अधिकाऱ्याला म्हणालो, मला दुसरं कुठलंही काम द्या, कितीही धोक्याचं द्या. तो हसला आणि म्हणाला, मग स्ट्रेचर उचल. मी दोन महिने स्ट्रेचर उचललं. तुमच्या आजोबांना जे मिळालं नाही ते मी परत केलं. ही शाल मी घेऊ शकत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. हे जरा मऊ करून सांगता आलं असतं. पण मला प्रयोगशाळेतली सवय, आकडा आहे तसा लिहायचा. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. दादांच्या आजोबांबद्दलचा सुद्धा.

दादा शाल धरून उभे होते. मग त्यांनी ती अंकलच्या खांद्यावर घातली, कारण हातात घेतलेली शाल परत घडी करायची पद्धत नाही. सॅल्यूट मात्र केला नाही. परत येताना गाडीत मागे आम्ही तिघं शेजारी शेजारी बसलो होतो, अंकल हौगांग येईपर्यंत शाल पांघरूनच.

दुसऱ्या दिवसापासून दादा खाली जाईनात.

"भ्याड आहे तो," ते म्हणाले. "देश पेटलाय आणि हा म्हणतो, मला बंदूक नको. आणि मी रोज त्याला सॅल्यूट करत होतो!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. राग दादांचा होता, आणि शब्द न् शब्द सांगणाऱ्या माझ्या जिभेचाही. मी म्हणाले, "दादा, रोज पहाटे पंचशील कोण म्हणतं? पहिलं शील काय सांगतं? प्राण्याची हिंसा करणार नाही. तुम्ही म्हणता, त्यांनी पाळलं. मग भ्याड कसे ते?"

"मला शील शिकवू नकोस," दादा म्हणाले. आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. "तुला काय माहीत आहे?"

तेवढ्यावर ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, तिकीट अलीकडचं करून दे. अजून सहा आठवडे बाकी होते. नवऱ्यानं विमान कंपनीला फोन केला, पुढच्या शुक्रवारची जागा मिळाली. घरात पुन्हा तीन शब्द सुरू झाले. हो, नाही, जेवलो.

मला रडू यायचं. ते गावाला जाऊन त्या रिकाम्या घरात बसतील, पांघरुणाच्या घड्या घालतील आणि कुणाशीही बोलणार नाहीत, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि ते मीच केलं होतं.

अंकल मात्र रोज सात वाजता टेबलाशी येत होते. मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवायला गेले की मला दिसायचे. बार्लीच्या पेल्याशेजारी कॉफीचा पेला ठेवलेला असायचा. तिसऱ्या दिवशी मुलगी घरी येऊन इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, अंकल स्टिल वेटिंग फॉर यू, लाह. कॉफी कोल्ड ऑलरेडी." आजोबांनी तिचे बूट पुसायला घेतले.

बुधवारी मी कामाला उशिरा गेले आणि अंकलपाशी जाऊन बसले. माफी मागितली. अंकल म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस. मीच आधी सांगायला हवं होतं. पण मला सॅल्यूट आवडायला लागला होता." आणि लाजून हसले.

मग मी सहज विचारलं, अंकल, तुम्ही हिंदी कुठे शिकलात?

"स्ट्रेचरवर," ते म्हणाले. मळ्यांमधून, चिखलातून ते हिंदुस्थानी जवानांना उचलून आणायचे. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला कुणी मिळेल तो. ते जवान जे बोलत ते कानावर पडायचं, तेवढीच त्यांची हिंदी. मला फळांची नावं येत नाहीत, म्हणाले, आकडे येत नाहीत, आठवड्याचे वार येत नाहीत. पानी येतं. धीरे येतं. दर्द येतं, घर येतं, चिठ्ठी येतं. माँ येतं.

मी कित्येक आठवडे ते शब्द ऐकत होते आणि मला कळलं नव्हतं. दादांना तर नाहीच, ते आपले त्यात पलटण शोधत बसले होते. मी तशीच वर गेले. दादा ट्रंक भरत होते. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. या वेळीही शब्द न् शब्द.

दादा पदकांच्या डबीला रुमाल गुंडाळत होते, ते तसेच थांबले. मग म्हणाले, "ते खाली आहेत का अजून?"

"आहेत."

"चल. तू पण चल. त्यांच्या हिंदीत हे बसायचं नाही."

लिफ्टमध्ये त्यांनी शर्टाची बटणं तपासली. मला वाटलं, माफी मागणार आहेत, आणि दादांनी कधी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. पण ते टेबलाशी जाऊन बसले, अंकलनी सरकवलेला पेला हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता मराठीत बोलायला लागले. मी इंग्रजीत सांगत गेले.

एकाहत्तर साल, म्हणाले. पूर्वेची आघाडी. दुपारची वेळ, भाताचं शेत. समोरून एक जण उठला, मी गोळी घातली. तो पडला, पण मेला नाही. माझ्यापासून इथून त्या खांबाइतका लांब. तो पाणी मागत होता. त्यांची उर्दू आणि आपली हिंदी जवळजवळ एकच, मला सगळं कळत होतं. माझ्या कमरेला पाण्याची बाटली होती, भरलेली. समोरून गोळीबार थांबला होता, मला जाता आलं असतं. पण माझे दोन्ही हात बंदुकीवर होते आणि ते निघेनात. तो तासभर मागत होता. मग थांबला.

पस्तीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सुद्धा नाही, मी नंतर दादांना विचारलं. बापाचं हे मी पहिल्यांदा ऐकत होते आणि ऐकता ऐकता दुसऱ्या भाषेत सांगत होते. रडायला सवड नव्हती, पुढचं वाक्य येत होतं.

"यांना विचार," दादा म्हणाले, "यांना यातलं कळतं. मी पाणी दिलं असतं तर तो वाचला असता का?"

मी विचारलं. अंकलनी दवाखान्यात डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "गोळी कुठे लागली होती?"

दादांनी आपल्या पोटावर हात ठेवला.

अंकलनी डोळे मिटले. म्हणाले, पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. ओठ ओले करायचे, बस. पाण्यानं अपायच होतो. मग म्हणाले, त्याला सांग, मला हे माहीत होतं, तरी मी एकदा दिलं. दुसऱ्याच आठवड्यात. मुलगा माझ्याच वयाचा होता, इतका गयावया करत होता की मला ऐकवेना. पेला भरून दिलं. तो माझ्या हातावरच गेला. पाण्यानं गेला की तसाही जाणार होता, मला माहीत नाही. माझ्या हातात बंदूक नव्हती, तरी मला माहीत नाही.

मी हे मराठीत सांगितलं.

दादा रडले. आईच्या वेळी रडले नव्हते, सगळ्या गावानं पाहिलं होतं. अंकलनी त्यांचं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि धरूनच ठेवलं. मला त्या दोघांवर इतकी माया आली की काय करावं कळेना, म्हणून मी गार झालेला पेला उचलून दुकानात गेले आणि दुसरी कॉफी आणली. परत आले तेव्हा दादा नाक पुसत होते. मला म्हणाले, "तू जा आता कामाला. आमचं आम्ही बघतो."

संध्याकाळी घरी आले तर ट्रंक पलंगाखाली गेली होती. दादा भाकरीचं पीठ मळत होते. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "जावयाला सांग, शुक्रवारचं तिकीट पुढे ढकल म्हणावं."

"किती दिवस पुढे?" मी विचारलं.

"असू दे बरेच," दादा म्हणाले. "आज त्यांच्या एकाच माणसाचं सांगून झालंय, त्यांचे खूप आहेत. आणि माझे अजून तीन."